दोघांची उत्तरं

फोन वाजला तेव्हा काचेपलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नुकताच हात वर केला होता, आणि नोएमीनं आवाज पाठवलेलाच नव्हता. असं होतं. माणसं कानांना हेडफोन लावून त्या बंद खोलीत बसतात, शांतता वाढत जाते, आणि मग त्यांना वाटायला लागतं की आता काहीतरी ऐकू यायलाच हवं. हात वर जातो. ते गृहस्थ तिच्याकडे बघून आर्जवी हसले. नोएमीनं कागदावर काही लिहिलं नाही. फोनवर शाळेचा नंबर होता. हॉस्पिटलच्या त्या तळघरातल्या कान तपासायच्या विभागात फोन घ्यायचा नाही असा तिचा स्वतःचाच नियम होता, पण तिनं घेतला. "सेन्योरा काबिएसेस?" तिकडून नवऱ्याच्या आडनावानं हाक आली. "मी उर्सुला बिएलिच. आता बोलता येईल? दोनच मिनिटं." ती शाळेची मानसतज्ज्ञ. नोएमी म्हणाली, बोला ना. "प्रवेशाचे निकाल शुक्रवारी लावतोय, पण तुमच्या घराचं शाळेशी इतकं जुनं नातं, म्हणून म्हटलं आधी आपणच सांगावं. मिकाएलाचं अभिनंदन. फार, फार गोड मुलगी आहे." आणि मग एक लहानशी फट. दार लोटल्यावर ते पूर्ण लागायच्या आधी राहते तेवढी. "फाब्रिसिओला अजून थोडा वेळ द्यावा, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं." नोएमी म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "आभारी आहे." फोन ठेवून तिनं बटण दाबलं. या वेळी आवाज खरोखर गेला होता, चांगला मोठा. म्हातारे गृहस्थ हात मांडीवर ठेवून तसेच हसत बसले होते.

बाहेर पडली तेव्हा आकाश रोजच्यासारखं खाली आलेलं होतं. हिवाळ्यात लीमा शहराचं आकाश वर जातच नाही, घरांच्या गच्च्यांवर ओल्या गोधडीसारखं पसरून राहतं, आणि अंगावर पडतं ते पाऊस म्हणावा असंही नसतं. नुसते केस ओलसर होतात. चालताना ती विचार करत होती की ही बातमी अर्धी चांगली आहे, आणि अर्ध्या चांगल्या बातमीला चेहरा कसा करायचा असतो. जुळ्यांना एकच बातमी यायला हवी, असं तिला आजवर उगाच वाटत आलं होतं. दोघं एका सकाळी जन्मले, ताप दोघांना एकदम येई, गोवरही. मिकाएला आधी चालली, फाब्रिसिओ आधी पोहायला शिकला, तेवढाच काय तो फरक. बोलायला मात्र मिकाएलानं सुरुवात केली आणि ती इतकं बोलायला लागली की फाब्रिसिओला गरजच राहिली नाही. त्याला पाणी हवं असलं तरी तीच सांगे. घरात सगळे हसत. तिचा नवरा रेन्सो म्हणे, हा आमचा राजदूत ठेवून राहणारा राजा.

शाळेत प्रवेशासाठी मुलांना बोलावलं त्या दिवशी परीक्षा नव्हती. परीक्षा हा शब्द कुणी उच्चारतच नसे. 'खेळाची सकाळ' म्हणत. पण त्या सकाळसाठी सगळं वर्ष गेलं होतं. दर शनिवारी मिस पिलारच्या घरी. मिस पिलार पूर्वी त्याच शाळेत शिकवायची, आता बैठकीच्या खोलीत सहा बुटक्या खुर्च्या मांडून चार-चार वर्षांच्या मुलांना खेळाच्या सकाळची सवय करून द्यायची. हात पुढे करून नाव सांगणं. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं. तीसपर्यंत आकडे. पाठीचा कणा असलेले प्राणी आणि नसलेले. आणि माणूस काढणं. "मान विसरायची नाही," मिस पिलार आयांना बजावायची. "मुलं डोकं थेट खांद्यांवर बसवतात. मान नसली की संपलं." त्यामुळे वर्षभर घरात, गाडीत, धुरकट काचांवर, रेस्टॉरंटच्या रुमालांवर माणसं निघत राहिली. मिकाएलाच्या माणसांच्या माना पुढेपुढे जिराफासारख्या लांब होत गेल्या, कुणाच्या नजरेतून सुटायला नकोत म्हणून. फाब्रिसिओ माणसं काढतच नसे. तो चाकं काढायचा. लाल सिग्नलला गाडी थांबली की नोएमी मागे वळून कार्ड दाखवी. गोगलगाय? मिकाएला म्हणे, कणा नाही! मासा? आहे! फाब्रिसिओ खिडकीतून लावा पक्ष्याची अंडी विकणाऱ्याच्या हातगाडीकडे बघत असायचा, आणि सिग्नल हिरवा झाला की म्हणायचा, "चल." वर्षभरात गाडीत त्यानं दिलेलं ते एकमेव बरोबर उत्तर, असा विचार तिच्या मनात आला आणि रस्त्यातच तिला हसू फुटलं. मग हसू गेलं.

रेन्सोनं बातमी शांतपणे ऐकली. तो पुलांचा इंजिनीअर होता, वजन कुठून कुठे जातं याचा विचार केल्याशिवाय काही बोलत नसे. "एक आत गेली म्हणजे दार उघडलं," तो म्हणाला. "भावंडाला पुढच्या वर्षी घेतातच." तो स्वतः त्याच शाळेचा, त्याचे वडील त्याच शाळेचे, आजोबांचं नाव तिथल्या जिन्यातल्या संगमरवरी पाटीवर. जेवण झाल्यावर तो बाल्कनीत जाऊन फोनवर बोलून आला. "गोन्सालोशी बोललो. माझ्या वर्गातला, तो आता शाळेच्या समितीवर आहे. म्हणाला, एवढंच ना, एक जागा करता येईल."

"कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"जागा करायची म्हणजे कुणाला तरी उठवायचं ना, रेन्सो? जागा काय आकाशातून पडते?"

"तू त्या मुलाला ओळखतेस का, ज्याला उठवणार?"

"नाही."

"मग?"

ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावरचा अन्याय कसा दिसतो? त्याला नाक-डोळे नसतात. मानही नसते. नोएमी ताटल्या विसळत राहिली. आतल्या खोलीत मिकाएला झोपेत काहीतरी मोजत होती. फाब्रिसिओचा मात्र श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

फाब्रिसिओला ऐकू येतं की नाही, हा विचार तिच्या मनात शिरला तो त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी, कामावर, हात धुताना. आणि शिरला तो एकटा आला नाही. मागोमाग डोंगरातलं तिचं गाव तार्मा आलं, ग्लॅडिओलसच्या वाफ्यांचा ओला वास आला, आणि दादा आला. दादा म्हणजे एल्मेर, तिच्यापेक्षा दीड वर्षानं मोठा. ती सहा वर्षांची असताना लीमाहून दोन नन आल्या होत्या. त्यांच्या वसतिगृहाच्या शाळेत डोंगरातल्या हुशार मुलामुलींसाठी काही जागा होत्या, एका घरातून एक. वडील पोस्टात कारकून. त्यांनी दोघांनाही न्हाऊमाखू घालून, केसांना तेल चोपडून पाद्रीबाबांच्या खोलीत नेऊन बसवलं. खोली मोठी, छत उंच, बोललेलं भिंतींवर आपटून परत यायचं. नन दादाच्या डाव्या बाजूला बसली होती. तिनं विचारलं, बाळ, तुझ्या गावातून कुठली नदी वाहते? दादा समोर बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं. दादानं तिच्याकडे वळून बघितलं, हसला, आणि काहीच बोलला नाही. मग तिनं नोएमीकडे बघितलं आणि नोएमीनं नदीचं नाव सांगितलं, ती कुठे उगम पावते तेही सांगितलं, आणि कुणी न विचारता एक प्रार्थनाही म्हणून दाखवली. तेव्हा त्या ननचा चेहरा उजळला होता. तो उजळलेला चेहरा नोएमीला अजून दिसतो. वसतिगृहात, विद्यापीठात, हॉस्पिटलच्या मुलाखतीत, रेन्सोच्या आईच्या जेवणाच्या टेबलाशी, जिथे जिथे ती गेली तिथे तिथे समोरच्या माणसांच्या तोंडावर ती तेच उजळणं शोधत राहिली. ते दिसलं की मगच तिला खुर्चीत नीट टेकून बसता येई.

दादा मागे राहिला. पाव भाजायला शिकला, आता त्याची स्वतःची बेकरी आहे, चौकात सकाळी त्याच्या पावासाठी रांग लागते. त्याचा डावा कान लहानपणीच्या पुवानं गेलेला होता हे घरात कुणाला कधी कळलं नाही. नोएमीलाच ते कळलं, शिकत असताना, सुट्टीत कान तपासायचं उसनं यंत्र घेऊन ती घरी गेली होती तेव्हा. ती रडायला लागली तर दादानंच तिला गरम दुधाचा कप आणून दिला. "अगं, मला वाटायचं सगळ्यांना असंच ऐकू येतं," तो म्हणाला. "एका बाजूला जग, एका बाजूला उशी. झोपायला बरं पडतं."

शनिवारी तिनं मिस पिलारला कळवलं की मुलं येणार नाहीत, आणि दोघांना घेऊन हॉस्पिटलात गेली. विभाग बंद होता, किल्ली तिच्याकडेच. मुलांना ती खोली फार आवडली. भिंतींना मऊ भोकाभोकांचं अस्तर, जाड दार, आणि बोललं की शब्द तोंडापुढेच विरून जातो. लहान मुलांना हात वर करायला सांगत नाहीत. त्यांना एक लाकडी ठोकळा देतात. ठोकळा गालाशी धरायचा, कान देऊन ऐकायचं, आवाज आला की टोपलीत टाकायचा. मग पुढचा ठोकळा. खेळच तो. फाब्रिसिओ आधी बसला. मिकाएला बाहेर नोएमीच्या शेजारी उभी राहून काचेला नाक लावून बघत होती. नोएमीनं आवाज पाठवला, मोठा. ठोकळा पडला. लहान केला. पडला. आणखी लहान, आणखी, मांजराच्या पावलाएवढा. ठोकळा पडला. दुसरा कान. तेच. मग तिनं मध्येच काही न पाठवता थांबून बघितलं. मुलं इथे फसतात, कंटाळतात, उगाच टाकतात. फाब्रिसिओ ठोकळा गालाशी धरून बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर वाट बघण्याचा ताण नव्हता. तो नुसता तिथे होता, नदीकाठी बसल्यासारखा. ती बराच वेळ थांबली. त्यालाही काही घाई नव्हती. शेवटी तिनं अगदी बारीक, तिला स्वतःलाही कधीकधी ऐकू न येणारा आवाज पाठवला, आणि त्यानं ठोकळा अलगद टोपलीत ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग म्हणाला, "हा लाजरा होता." नोएमीनं आत जाऊन त्याला उचलून घेतलं. इतकी सुटका तिला बाळंतपणातही वाटली नव्हती.

"आता मी!" मिकाएला म्हणाली. "मला जास्त येतील."

गंमत म्हणूनच तिनं मिकाएलाला बसवलं. पहिले आवाज ठीक गेले. मग नोएमीच्या लक्षात आलं की मुलगी ठोकळा कानाजवळ धरून बसली आहे खरी, पण बघतेय काचेतून, सरळ आपल्याकडे. बटण दाबताना आपला उजवा खांदा किंचित हलतो, हे नोएमीला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खांदा हलला की ठोकळा पडत होता. तिनं खुर्ची फिरवली, पाठ केली, आणि समोरच्या कपाटाच्या काचेत मुलीचं प्रतिबिंब बघत राहिली. आता तिनं काहीही पाठवलं नाही. क्षणभर मिकाएला स्तब्ध होती. मग तिचे डोळे इकडेतिकडे फिरायला लागले. ओठ मिटले. तिनं ठोकळा टाकला. काहीच झालं नाही. तिनं आणखी एक टाकला, मग थांबून आणखी एक, मग लगेच आणखी, आणि प्रत्येक वेळी ती आईच्या पाठीकडे बघून हसत होती, वळलं तर हसताना दिसायला हवं म्हणून. त्या शांत खोलीत लाकडावर लाकूड पडत राहिलं. टोपली भरली. ठोकळे संपले तेव्हा तिनं रिकामा हात गालाशी धरला. नोएमीला उठता येईना. वर्षानुवर्षं तिनं चुकीचे वर गेलेले हात बघितले होते, म्हाताऱ्यांचे, गिरणीत काम केलेल्यांचे, कागदावर काही न लिहिता सोडून दिले होते. ही चार वर्षांची होती, आणि तिचं ऐकणं अगदी उत्तम होतं. आपण भलत्याच मुलाला तपासायला घेऊन आलो, असं नोएमीच्या मनात आलं. हे मनात आलं ते वाक्य म्हणून नाही. घशात काहीतरी गार उतरावं तसं आलं.

"सगळे आले मला," मिकाएला बाहेर येऊन म्हणाली. "फाब्रीपेक्षा जास्त."

सोमवारी ती शाळेत गेली. सेन्योरा बिएलिचची खोली उबदार होती, खिडकीबाहेर हिरवळीवर मोठी मुलं पळत होती. बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, चेहरा दमलेला आणि चांगला. त्यांनी कॉफी मागवली. फाब्रिसिओबद्दल विचाराल असं वाटलंच होतं, त्या म्हणाल्या. "आडमुठा नव्हता हो तो. बिस्किट खाल्लं, ठोकळे रचले, परत काढून ठेवले. काही विचारलं की एकच म्हणायचा, 'मिका सांगेल.' मिका शेजारच्या खोलीत होती. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मी मात्र काय लिहू?"

"आणि मिकाएला?"

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी कपाटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर दोन माणसं होती. हात धरलेली, दोघांनाही लांबच लांब माना. "आम्ही एकच काढायला सांगितला होता. तिनं दोन काढले. म्हणाली, 'हा माझा आणि हा फाब्रीचा. त्याला मान काढायचा कंटाळा येतो.' तुम्हाला गंमत सांगते, तिनं सगळंच दोनदा केलं. वीसपर्यंत मोज म्हटलं, मोजलं, आणि परत एकपासून सुरुवात केली. 'हे त्याचं.' रंग सांगितले, परत सांगितले. आम्हाला इतकं कौतुक वाटलं. या वयात एवढी जबाबदारीची जाणीव..."

नोएमी त्या दोन माणसांकडे बघत राहिली. म्हणजे त्या सकाळी गाडीतून परत येताना मिकाएला एवढी गप्प गप्प का होती, सीटबेल्ट लावल्या लावल्या तिचा डोळा का लागला होता, ते हे. ती दोन माणसांचं काम करून दमली होती. "तिला वाटतंय दोघांचं झालं," नोएमी म्हणाली.

कॉफी आली. मग नोएमीनं सांगितलं की आम्ही मिकाएलाची जागा घेत नाही आहोत. हे वाक्य तिनं येताना रस्त्यात जुळवलं होतं, रेन्सोला अजून सांगितलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिला ते खोलीत ठेवलेल्या वस्तूसारखं दिसायला लागलं.

बाईंनी चष्मा केसांतून काढून टेबलावर ठेवला. "सेन्योरा, रागावू नका, स्पष्ट बोलते. मुलाला मिळालं नाही म्हणून तुम्ही मुलीचं काढून घेताय. हे न्यायाचं आहे? ती कमी पडली का कुठे? माझ्यासमोर एका सकाळी शंभर मुलं येतात. प्रत्येकाला मी किती बघणार? जे दिसतं त्यावर ठरवते. जमेल तितकं सरळ ठरवते. तुमच्या घरच्यांचे फोन आले तरी."

फोन आले होते तर. नोएमीला गोन्सालोची आठवण झाली, आणि कान तापले. "तुमचं काही चुकलं असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "आणि मुलासाठी नाही हे. तो बरा आहे. मुलीसाठीच काढून घेतेय."

"ती इथे पहिली येईल."

"हो," नोएमी म्हणाली. "येईलच ती."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजलं की नाही कोण जाणे. निघताना त्या म्हणाल्या, "चित्र नेताय?" नोएमी नको म्हणाली, आणि फाटकापर्यंत पोचल्यावर तिला वाटलं न्यायला हवं होतं, पण परत फिरली नाही.

रेन्सोला तिनं संध्याकाळी गाडीतच सांगितलं, मुलं रेन्सोच्या आईकडे होती म्हणून. त्यानं गाडी कडेला घेतली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. वायपर काचेवरची ओल पुसत राहिले. "तिथे मला माझे सगळे मित्र मिळाले," तो म्हणाला. "पहिली नोकरी तिथल्याच ओळखीनं. तुला वाटतं मी पाटीवरच्या नावासाठी म्हणतोय. या शहरात माणसं माणसांना कुठून ओळखतात ते तुला माहीत नाही का? आणि तू, नोएमी. तू स्वतः निवडून आलीस. त्या नन तार्माला आल्या नसत्या तर तू आज दादाच्या दुकानात पाव बांधून देत असतीस. आपण भेटलोही नसतो. स्वतः वर आलीस आणि आता पोरीच्या खालची शिडी काढतेस?"

"नसतो भेटलो," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तेच सांगतेय. रेन्सो, मी त्या दिवसापासून खाली बसलेच नाहीये. कुणी खोलीत आलं की अजून माझी पाठ ताठ होते. तुझ्या आईकडे मी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलंय? तुला वाटतं मला भूक नसते."

रेन्सोनं वायपर बंद केले. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला आईच्या हातचं आवडत नाही." आणि त्या कोंदट गाडीत दोघंही थोडं हसले, आणि हसणं ओसरल्यावरही तो मान्य झालेला नव्हताच. "एक वर्ष," तो म्हणाला. "एक वर्ष थांबू. मग परत बोलू. मला अजून पटलेलं नाही, हे लक्षात ठेव." दुसऱ्या दिवशी शाळेला फोन मात्र त्यानंच केला, बाल्कनीत उभं राहून, तिच्याकडे पाठ करून, आणि ती पाठ नेहमीपेक्षा म्हातारी दिसली. तिला वाटलं, आपण याच्याकडून काहीतरी घेतलंय जे आपल्याला परत देता येणार नाही. आणि तरी तिनं त्याला थांबवलं नाही.

मिकाएलाला सांगायचं राहिलं होतं. रविवारी दुपारी ऊन पडल्यासारखं झालं, म्हणजे राखाडी रंग थोडा पांढरा झाला, तेव्हा ती दोघांना घेऊन समुद्राच्या कड्यावरच्या बागेत गेली. लुकुमा फळाचं आइस्क्रीम घेतलं. फाब्रिसिओ कठड्याशी जाऊन कड्याखालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसला. मिकाएला आईच्या शेजारी बाकावर, पाय हलवत.

"मिका, आपण त्या मोठ्या शाळेत नाही जायचं," नोएमी म्हणाली. "कोपऱ्यावरची शाळा आहे ना, झाडवाली, तिथे जायचं. मार्चपासून."

"फाब्रीपण?"

"फाब्रीपण. दोघं."

मिकाएलानं आइस्क्रीम चाटायचं थांबवलं. "पण मी त्याचंपण केलं होतं."

"माहितीये मला. बाईंनी सांगितलं."

"मान पण काढली होती. मग चुकलं काय?"

"काही नाही चुकलं, राणी. सगळं बरोबर होतं. आई-बाबांनी ठरवलंय. तिथे आधी कुणी काही विचारत नाही. गेलं की बसायचं."

"काहीच नाही विचारत?" तिला ते विचित्र वाटलं असावं. थोडं संशयास्पदही. आइस्क्रीम तिच्या मनगटावरून ओघळत होतं. नोएमीला वाटलं आता रडेल, आता हट्ट करेल. कुठल्याही मुलानं केला असता. मिकाएला म्हणाली, "मग माझ्या जागेवर कोण जाणार?"

"कुणीतरी दुसरं. मला नाही माहीत कोण. एखादी मुलगी, एखादा मुलगा."

"त्याला सगळं येतं?"

"कोण जाणे."

"मग त्याला सांग." ती आईकडे वळून बसली, गुडघे बाकावर घेऊन, गुपित सांगायला बसावं तशी. "बाई कार्ड दाखवतात ना, तेव्हा कार्डाकडे नाही बघायचं. बाईंकडे बघायचं. बरोबर असलं की त्यांचे डोळे बारीक होतात. चूक असलं की त्या पाणी पितात. पाण्याला हात लावला की लगेच दुसरं सांगून टाकायचं, पिऊन व्हायच्या आत. मिस पिलार असली तर पाणी नसतं. तिची पेन्सिल थांबते."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी बघितलं." तिनं अंगठा चाटला. "बाबा सोपे आहेत. ते आधीच हसतात."

कड्याखालून लाटेचा आवाज आला, आणि दगडगोटे घेऊन ती परत जातानाचा खळखळाट. फाब्रिसिओनं वळून न बघताच हात हलवला, लाल गाडी गेली असणार. नोएमीला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"आणि मी? मी काय करते?"

"तू?" मिकाएला म्हणाली. इतकं सोपं कुणी विचारतं का, अशा सुरात. "तू श्वासच घेत नाहीस. मी बरोबर सांगितलं की मग घेतेस."

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती. मायेनं, लक्षपूर्वक, हे उत्तर कसं उतरलं ते बघत. आणि नोएमीच्या ध्यानात आलं की आत्ताही, केव्हापासून कुणास ठाऊक, तिची छाती भरून तशीच थांबलेली आहे. तिनं मिकाएलाचं चिकट मनगट रुमालानं पुसलं, सावकाश, एकेक बोट. मग चेहरा समुद्राकडे फिरवला, आणि मुलीला दिसणार नाही असा, थोडाथोडा करून, श्वास सोडला.